इंजेक्शनाचं नंतर बघा, आधी बदलीचा कागद घ्या

एचआयव्हीसाठी टीएलडी ही रोजची गोळी चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे, तरी सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्रातून, गोळ्या आणायला दर महिन्याची रजा आणि खोलीतल्या पोरांपासून बाटली लपवणं नकोसं झालंय, म्हणून दोन महिन्यांनी एकदा घ्यायच्या इंजेक्शनाबद्दल तुम्ही विचारलंय. पुढच्या महिन्यात नोकरीसाठी चाकणला जायचंय असंही लिहिलंय. तुम्हाला वैताग गोळीचा नाही, रांगेचा आणि लपवाछपवीचा आलाय. त्यावर गोळी न बदलताही उपाय आहेत. (मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या केंद्रातल्या डॉक्टरांचाच.)

ही दोन महिन्यांची, म्हणजे कॅबोटेग्रावीर-रिल्पिवीरीनची इंजेक्शनं सरकारी केंद्रातल्या मोफत औषधांत नाहीत. शिवाय तारीख हुकली की औषध अंगातून फार सावकाश उतरतं, आणि त्या अर्धवट मात्रेत विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. हेपॅटायटिस बी असेल तर आणखी जपा. टीएलडीतलं टेनोफोवीर आणि लॅमिवुडीन त्यालाही दाबून ठेवतं, इंजेक्शन ठेवत नाही.

तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम देता येतात. खिडकीवर विचारू नका, तिथे ‘साठा नाही’ हेच ऐकू येईल. समुपदेशकांना शेवटचा व्हायरल लोड दाखवून विचारा. जवळ लिंक एआरटी केंद्र (मुख्य केंद्राला जोडलेलं छोटं केंद्र) असेल तर गोळ्या तिथून मिळतील का, तेही विचारून ठेवा.

आता केंद्राची बदली. सगळ्यात महागात पडते ती इथली चूक. नवीन गावी पोचायचं, शेवटची बाटली उघडायची आणि मग केंद्र शोधायचं. एका केंद्राने मला केवळ ट्रान्सफरच्या कागदासाठी तीनदा परत पाठवलं आणि तोवर बाटली रिकामी झाली. माणुसकी म्हणून आठवड्याच्या गोळ्या द्यायला काय जात होतं, हा राग अजून आहे. पण कागद आधी घेतला असता तर ती वेळच आली नसती. म्हणून निघण्यापूर्वी जुन्या केंद्रातून ट्रान्सफर-आऊट, म्हणजे बदलीचा कागद, घ्या आणि तिथेच उभं राहून वाचा. एआरटी नंबर, उपचार सुरू झाल्याची तारीख, सध्याच्या गोळ्या, शेवटचा सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) आणि व्हायरल लोड, शेवटच्या गोळ्या कधी आणि किती दिल्या, हे सगळं त्यात हवं. एक रकाना रिकामा असला तरी नवीन केंद्र फोनाफोनीत दिवस घालवतं. कागदाचा आणि हिरव्या पुस्तकाच्या (केंद्राकडून मिळालेल्या उपचाराच्या नोंदवहीच्या) प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. निदान २० गोळ्या हातात असताना नवीन केंद्रात जा. नुसतं दोन-चार आठवड्यांसाठी कुठे अडकलात तर बदली करूच नका. हिरवं पुस्तक दाखवून जवळच्या केंद्रातून तात्पुरत्या गोळ्या मिळण्याची सोय आहे.

रात्रपाळी लागली तर झोपेच्या वेळेला गोळी बांधू नका. टीएलडीतल्या डोल्युटेग्रावीर या तिसऱ्या औषधाने काहींची झोप उडते, म्हणून रोज पक्की पाळली जाईल अशी दुसरी वेळ धरा. चुकली तर आठवताक्षणी घ्या, पण पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर ती सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. कॅन्टीनचं जेवण पोटाला लागलं की माणूस ॲसिडिटीचं पातळ औषध पितो. त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतरच टीएलडी घ्या, एरवी डोल्युटेग्रावीर पोटातच अडकतं आणि रक्तात कमी पोचतं. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर, मात्र जेवणासोबत घेतल्या तर एकत्र चालतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा टीबीची रिफॅम्पिसिन सुरू होणार असेल तर आधी केंद्रात सांगा, मात्रा बदलावी लागते.

लपवण्याचं म्हणाल तर बाटलीचं लेबल फाडण्याआधी नाव, बॅच आणि मुदत दिसेल असा फोटो काढा. आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका. खोलीवर आठवड्यापुरत्या सात गोळ्या साध्या डबीत ठेवा, बाटली बॅगेत कुलपात.

कंपनीत मेडिकल असेल म्हणून घाबरू नका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही आणि एचआर खोदून विचारू लागले तरी सांगायला तुम्ही बांधील नाही. केंद्र कुठे आहे हे विचारायला १०९७ हा मोफत क्रमांक आहे. चाकणचं आजच विचारून घ्या, सामान बांधायच्या आधी.