आईला ट्रामाडॉल आणि सोलिफेनॅसिन दोन्ही चालू आहेत. लघवी जास्त गळायला लागली, तर सोलिफेनॅसिनचा डोस वाढवावा का?

डोस वाढवण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या: लघवी करून आल्यावर आईंच्या मूत्राशयात किती लघवी मागे राहते? हे कळेपर्यंत ५ मिलिग्रॅमची गोळी १० ची करू नका, एवढं मी आग्रहाने सांगते.

तुम्ही लिहिलंय ते असं: आईंचं वय ७४. लघवीची घाई व्हायची म्हणून वर्षभर सोलिफेनॅसिन ५ मिलिग्रॅम चालू आहे आणि त्याने छान फरक पडला होता. तीन आठवड्यांपूर्वी मणक्याच्या दुखण्यासाठी ट्रामाडॉल सुरू झालं. आता कपडे पुन्हा ओले होतायत, विशेषतः रात्री. चार दिवस पोट साफ झालेलं नाही, दुपारी गुंगीत असतात. लघवीची गोळी लागू पडेनाशी झाली, असा तुमचा अंदाज आहे.

मी वृद्ध रुग्णांच्या वॉर्डात बरीच वर्षं परिचारिका आहे. औषध बदलणं डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. पण तुम्ही सांगितलेलं चित्र माझ्या चांगलं ओळखीचं आहे आणि त्याचा अर्थ बऱ्याचदा तुमच्या अंदाजाच्या अगदी उलट निघतो.

मूत्राशय म्हणजे स्नायूची पिशवी. भरली की मेंदूला कळतं, मग पिशवी आवळते, खालची झडप सैल होते आणि लघवी होते. सोलिफेनॅसिन, ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन ही औषधं त्या पिशवीचं आवळणं कमी करतात. घाई कमी होते ती यामुळेच. ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन ही ओपिऑइड गटातली वेदनाशामकं वेगळ्या वाटेने येऊन तेच काम करतात. पिशवी भरल्याची जाणीव बोथट होते, आवळण्याचा जोर घटतो, झडप मात्र घट्ट राहते. पाठीच्या कण्यात मॉर्फिन दिलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लघवी होत नाही म्हणून कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालावा लागतो, हे आमच्याकडे नेहमीचं आहे. एका औषधाने पिशवी ढिली पडलेली असताना दुसऱ्याने तिला आणखी सुस्त केलं, की ती पूर्ण रिकामी होतच नाही. शिल्लक साठत जाते. आणि काठोकाठ भरलेल्या पिशवीतून खोकताना, कूस बदलताना, झोपेत थोडं थोडं बाहेर सांडतं.

बाहेरून दोन्हीत कपडेच ओले होतात. एकात पिशवी नको तेव्हा आवळते, दुसऱ्यात ती आवळतच नाही. पहिल्यावर जे औषध उपाय आहे, तेच दुसऱ्यात त्रास वाढवतं.

आमच्याकडे एक आजी अशाच आल्या होत्या. घरी लघवी गळते म्हणून गोळीचा डोस दोनदा वाढवला गेला होता, गुडघ्यासाठी ट्रामाडॉल चालू होतं. त्या सारख्या अस्वस्थ, पोटाला हात लावू देत नव्हत्या. ओटीपोट नारळासारखं टणक लागत होतं. कॅथेटर घातल्यावर एक लीटरहून जास्त लघवी निघाली. एरवी ४०० ते ५०० मिलिलीटरला माणूस उठून जातो. नंतर त्या शांत झोपल्या, आणि त्यांच्या सुनेला रडू आलं, कारण इतके दिवस ती दर दोन तासांनी चादरी बदलत होती आणि हे कुणी तपासलंच नव्हतं. तिचा काहीच दोष नव्हता. तेव्हापासून असं काही ऐकलं की मी आधी ओटीपोटाबद्दल विचारते.

तपासणी सोपी आहे, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. लघवी करून आल्यावर लगेच ओटीपोटाची सोनोग्राफी करायची. मागे किती उरलंय ते मिलिलीटरमध्ये कळतं. डॉक्टरांकडे नेमकी हीच मागणी करा. तोवर घरी लक्ष ठेवा: धार सुरू व्हायला वेळ लागतो का, जोर करावा लागतो का, थेंब थेंब होते का, जाऊन आल्यावरही पोटात भरलेलं वाटतं का. दोन दिवस एका मापाच्या भांड्यात लघवी मोजून वहीत वेळेसकट लिहा. ही वही डॉक्टरांना दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगेल.

आता पोटाबद्दल. मला त्याची जास्त काळजी वाटते. ओपिऑइडमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, सोलिफेनॅसिनमुळेही मंदावते. ओपिऑइडने येणारी गुंगी किंवा मळमळ काही दिवसांत अंगवळणी पडते, बद्धकोष्ठ पडत नाही. औषध चालू असेपर्यंत ते टिकतं. म्हणून ट्रामाडॉलसारखी गोळी रोज घ्यायची असेल, तर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत असणं बरं. खडा होऊन बसलेला मळ मूत्राशयावर दाब देतो आणि लघवी आणखी अडते. म्हणजे आईंची लघवीची तक्रार अर्धीअधिक पोटाचीच असू शकते.

इथे घरोघरी दोन चुका होतात. पहिली इसबगोलची. इसबगोल पाणी शोषून फुगतं, मग आतड्याने ते पुढे ढकलायचं असतं. आतडंच सुस्त आणि वर पाणी कमी, तर त्याचाच गोळा अडकून बसतो. लघवी गळते म्हणून आई पाणी कमी पीत असतील, तर हा धोका जास्त. अशा वेळी सेन्ना, बिसाकोडिल किंवा मॅक्रोगॉल यांपैकी काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. दुसरी चूक: मळाचा खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि घरच्यांना जुलाब वाटतात. मग कुणीतरी जुलाब थांबवणारं लोपेरामाइड देतं. लोपेरामाइड आतड्यात ओपिऑइडसारखंच काम करतं. चार दिवस काही नाही आणि मग अचानक पातळ, असं झालं तर जुलाब थांबवायची गोळी देऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

गुंगीबद्दल थोडक्यात. दोन्ही औषधं मेंदूपर्यंत पोचतात. या वयात त्याने नुसती झोप येत नाही, बोलण्यात गोंधळ होतो, माणसं ओळखायला वेळ लागतो, तोल जातो. रात्री अंधारात संडासकडे जाताना पडणं हे आमच्या वॉर्डात येण्याचं फार मोठं कारण आहे. वाटेत दिवा ठेवा. सर्दीची, खाजेची किंवा झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचा परिणाम सोलिफेनॅसिनसारखाच असतो आणि भर पडत जाते. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं अमिट्रिप्टिलिनही त्यातलंच. आई आणखी काय काय घेतात ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगितलं.

‘मग लघवीची गोळीच बदलून मिराबेग्रॉन घेतली तर?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. प्रश्न चांगला आहे. मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने मूत्राशय सैल करते. तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ हे त्रास तिच्यात कमी. पण ट्रामाडॉलसोबत एक पेच आहे. ट्रामाडॉलचा वेदना कमी करण्याचा बराचसा भाग यकृतात तयार होणाऱ्या पदार्थावर अवलंबून असतो, आणि तो तयार करणाऱ्या सीवायपी२डी६ या एन्झाइमला मिराबेग्रॉन काही प्रमाणात अडवते. त्यामुळे पाठ पूर्वीपेक्षा जास्त दुखायला लागू शकते, आणि मूळ ट्रामाडॉल अंगात जास्त राहतं. कोडीनच्या बाबतीतही हाच पेच. शिवाय मिराबेग्रॉनने रक्तदाब वाढू शकतो. म्हणून लघवीची गोळी बदलायची तर वेदनेच्या गोळीचा विचार त्याच बैठकीत व्हायला हवा. तुमच्याकडे दोन वेगळे डॉक्टर दिसतायत. दोघांनाही सगळ्या औषधांची एकच यादी दाखवा, आणि एकाने लिहून दिलेलं दुसऱ्याला ठाऊक आहे असं गृहीत धरू नका.

आणि कृपया घाबरून ट्रामाडॉल एकदम बंद करू नका. तीन आठवडे रोज घेतल्यावर अचानक थांबवलं तर घाम, थरथर, झोप उडणं, जुलाब, प्रचंड बेचैनी असा त्रास होऊ शकतो. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

थांबायचं नाही असे प्रसंग मात्र आहेत. सहा-आठ तास लघवीच झाली नाही आणि ओटीपोट दुखतंय. पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही. फिटचा झटका (आकडी) आला. हाक मारून, हलवूनही नीट जाग येत नाही, श्वास संथ आणि उथळ चाललाय. यातलं काहीही दिसलं, तर रात्र असो की सुट्टी, सरळ रुग्णालयात न्या आणि गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

डॉक्टरांनी सोलिफेनॅसिन थांबवायला सांगितली, तर एक लक्षात ठेवा. ही गोळी शरीरातून फार सावकाश जाते. तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच दोन दिवस किंवा जास्त लागतात. दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. आठवडाभर वही चालू ठेवा, आणि जमलं तर सोनोग्राफीत किती आकडा आला ते इथे कळवा.