आकडा तोच, पण रुग्णाची अवस्था तीच आहे का?

वाचकांचे प्रश्न : मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांतील शुश्रूषा

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. दोन पत्रे शुश्रूषेच्या व्यवसायातील आहेत, तर दोन घरच्या माणसांची. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत; औषधांच्या मात्रेविषयीचे प्रश्न वगळले आहेत, कारण ते रुग्णाच्या डॉक्टरांनाच विचारलेले बरे.

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला रात्रीही ठरावीक वेळाने उठवून ग्लासगो स्केलने, म्हणजे शुद्धीची पातळी आकड्यात मोजण्याच्या पद्धतीने, तपासावे लागते. नातेवाईक रागावतात, "आत्ता कुठे डोळा लागलाय, झोपू द्या" म्हणतात. आकडा तर रात्रभर तोच राहतो. मग प्रत्येक वेळी सगळी तपासणी करण्याची खरोखर गरज असते का?

उत्तर : नातेवाइकांची तक्रार स्वाभाविक आहे. पण साधी झोप आणि मेंदूवरच्या दाबाने आलेली गुंगी या दोन्ही अवस्था दारात उभे राहून पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात, आणि रुग्णाला उठवून पाहिल्याखेरीज त्यांतला फरक कळत नाही. कवटी हाडाची असते, ती फुगत नाही. तिच्यातली जागा मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव यांनी वाटून घेतलेली असते. आत रक्त साचू लागले किंवा सूज वाढली, की आधी द्रव आणि शिरांमधले रक्त थोडे बाहेर सरकून जागा करून देते. त्या काळात रुग्ण वरवर ठीक वाटतो. ही सोय संपली, की मात्र दाब झपाट्याने चढतो. म्हणूनच चार तास ठीक असलेला रुग्ण पाचव्या तासाला अचानक बिघडू शकतो. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डोक्याला इजा झालेल्या रुग्णाचा आकडा १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने तपासणी करायची असते. १५ झाल्यावरही पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास तासातासाने आणि त्यानंतर दर दोन तासांनी. तुमच्या विभागाचे वेळापत्रक वेगळे असू शकेल. जे असेल ते काटेकोरपणे पाळावे.

आता आकड्याविषयी. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ग्लासगो येथे ही पद्धत मांडली, ती तीन स्वतंत्र निरीक्षणांची म्हणून : डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल. त्यांना अनुक्रमे ४, ५ आणि ६ पर्यंत गुण असतात. बेरीज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ होते. बेरीज सोयीची आहे, पण ती बरेच काही झाकून टाकते.

माझ्याच नोकरीतला एक प्रसंग सांगते. एका रात्री ड्यूटी घेताना हँडओव्हरमध्ये एका रुग्णाविषयी "अकरा, तसाच आहे, शांत आहे" एवढेच सांगितले गेले. सायंकाळच्या नोंदीत डोळे ३, बोलणे ३, हालचाल ५ असे होते. म्हणजे हाक मारल्यावर तो डोळे उघडत होता, सुटे असंबद्ध शब्द बोलत होता आणि खांद्याजवळ दाब दिला की आपला हात वर आणून माझा हात दूर सारत होता. मी तपासले तेव्हा त्याचे डोळे आपोआप उघडे होते, शब्द तसेच होते, पण दाब दिल्यावर हात खांद्यापर्यंत येईना. तो कोपरात नुसता वाकत होता. ४, ३ आणि ४. बेरीज पुन्हा अकराच! डॉक्टरांना कळवले, पुन्हा स्कॅन झाला आणि त्यात रक्ताची गाठ वाढलेली आढळली. तेव्हापासून हँडओव्हरमध्ये मी बेरीज ऐकून घेत नाही, तिन्ही आकडे वेगवेगळे विचारते, आणि शक्य असेल तेव्हा जाणारी व येणारी परिचारिका मिळून रुग्णाजवळ उभे राहून एकदा तपासणी करतात. त्यामुळे "हात दूर सारतो" म्हणताना दोघींच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असते.

पद्धतीविषयी दोन-तीन गोष्टी, ज्या पुस्तकात असूनही वॉर्डात विसरल्या जातात. रुग्ण सांगितलेले ऐकतो का, हे पाहताना "माझा हात दाबा" एवढ्यावर थांबू नये. तळहाताला स्पर्श होताच बोटे मिटणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. "आता सोडा" असेही सांगावे, किंवा जीभ बाहेर काढायला सांगावे. ऐकत नसेल तरच दाब द्यावा : बोटाच्या टोकावर, मान व खांदा यांच्यामधल्या स्नायूवर किंवा भुवईच्या हाडावरच्या खाचेवर, हळूहळू वाढवत जास्तीत जास्त दहा सेकंद. छातीच्या हाडावर मुठीने रगडण्याची जुनी सवय सोडून द्यावी. तिने वळ उठतात आणि येणाऱ्या प्रतिसादाचा अर्थही नीट लावता येत नाही. गुण हातांच्या सर्वांत चांगल्या प्रतिसादाला द्यायचे असतात, मात्र दोन्ही बाजूंतला फरक वेगळा लिहून ठेवायचा. घशात नळी असेल किंवा सुजेने पापण्या मिटलेल्या असतील, तर तिथे १ लिहू नये. "तपासता आले नाही" आणि त्याचे कारण लिहावे.

यानंतर डोळ्यांच्या बाहुल्या. खोलीतला उजेड कमी करून, टॉर्च बाजूने आणून, प्रत्येक बाहुलीचा आकार मिलिमीटरमध्ये लिहावा आणि ती चटकन आकसते, हळू आकसते की आकसतच नाही तेही लिहावे. निरोगी माणसांतही साधारण पाचांपैकी एकाच्या बाहुल्यांत एक मिलिमीटरच्या आतला फरक असतो, शिवाय मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने किंवा डोळ्यांतल्या थेंबांनीही फरक पडतो. म्हणून पहिल्या तपासणीची नोंद फार मोलाची. आधी सारख्या असलेल्या बाहुल्यांपैकी एक मोठी होऊन उजेडाला प्रतिसाद देईनाशी झाली, तर सरकलेल्या मेंदूचा दाब तिसऱ्या मस्तिष्क-चेतातंतूवर येत असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुढच्या तपासणीची वाट पाहायची नसते, त्याच मिनिटाला डॉक्टरांना बोलवायचे असते.

परीक्षेत हमखास विचारले जाणारे कुशिंगचे त्रिक, म्हणजे वरचा रक्तदाब चढणे, नाडी मंदावणे आणि श्वास अनियमित होणे, हे कवटीतला दाब वाढल्याचे उशिरा दिसणारे लक्षण आहे. त्याची वाट पाहणाऱ्याला पोहोचायला उशीर झालेला असतो. त्याच्या आधी वाढलेली अस्वस्थता, उलटी, पूर्वीपेक्षा जास्त हाका माराव्या लागणे, एका हाताची पकड सैल होणे, या गोष्टी दिसतात. वाढलेल्या दाबाच्या रुग्णाचे डोके, मणक्याला इजा नसल्याची खात्री असल्यास, साधारण ३० अंश वर आणि मान सरळ रेषेत ठेवावी. मान एका बाजूला कलली, की मेंदूतून परत येणाऱ्या रक्ताची वाट अडते. कुणाचीही शुद्ध घसरली, की रक्तातील साखर लगेच तपासावी, हे सांगायलाच नको, पण तेच अनेकदा राहून जाते.

प्रश्न : माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला. रुग्णालयात दुसऱ्या दिवशीही त्यांना तोंडाने पाणी देऊ दिले नाही. ते बोलत होते, पाणी मागत होते. सिस्टर म्हणाल्या, "गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय नाही." मला राहवेना, मी सिस्टरांच्या नकळत दोन चमचे पाणी पाजले. त्यांना ठसका लागला नाही. माझे चुकले का?

उत्तर : तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणे फार अवघड असते, म्हणून तुम्हाला दोष देववत नाही. पण पत्रातले "ठसका लागला नाही" हे वाक्य तुम्हाला दिलासा देणारे वाटते, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते. घास किंवा घोट चुकून श्वासनलिकेकडे वळला, तर निरोगी माणसाला जोराचा ठसका येतो. तो म्हणजे फुफ्फुसांचा पहारेकरी. पक्षाघातानंतर घशाची संवेदना बोथट झाली असेल, तर पाणी फुफ्फुसात उतरूनही ठसका येत नाही. दोन-तीन दिवसांनी ताप येतो, धाप लागते, आणि न्यूमोनिया झाल्याचे तेव्हा लक्षात येते. बोलता येते म्हणून गिळताही येईल, हा समजही फसवा आहे.

तपासणी तशी साधी असते. रुग्ण पुरेसा जागा आहे का, ताठ बसू शकतो का, मागितल्यावर खोकू शकतो का, आवाज स्वच्छ आहे का, हे आधी पाहतात. मग चमचाभर पाणी देऊन गळ्यावर हलकेच बोटे ठेवून गिळण्याची हालचाल बघतात, आणि प्रत्येक घोटानंतर "आ" म्हणायला लावतात. आवाज ओलसर, घोगरा झाला, तोंडाच्या कडेने पाणी ओघळले, श्वास वाढला किंवा खोकला आला, तर तिथेच थांबून वाचा व गिळण्याच्या तज्ज्ञांना बोलावतात. तोवर पाणी सलाईनमधून दिले जाते. गिळणे लवकर सुधारणार नाही असे दिसले, तर नाकातून नळी घालून आहार देतात. ही तपासणी दाखल झाल्यावर शक्य तितक्या लवकर व्हायला हवी. दुसऱ्या दिवसापर्यंत ती झाली नव्हती, हे मात्र योग्य नाही, आणि त्याबद्दल विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता.

त्या काळात तुम्ही करू शकाल असे मोठे काम म्हणजे तोंडाची स्वच्छता. सिस्टरांना विचारून, पिळून घेतलेल्या ओलसर स्पंजने ओठ, हिरड्या आणि जीभ दिवसातून अनेकदा पुसावी. तहानेची कोरड कमी होते, आणि तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात जाण्याचा धोकाही घटतो. पुढे खायला परवानगी मिळाली, की रुग्णाला पूर्ण ताठ बसवावे, हनुवटी वर उचलून भरवू नये, छोटे घास तोंडाच्या चांगल्या बाजूला द्यावेत आणि आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा. जेवण संपल्यावर लुळ्या बाजूच्या गालात बोट फिरवून पाहा, तिथे अन्न साठून राहिलेले बहुधा सापडते. नंतर किमान अर्धा तास बसवूनच ठेवावे. गोळ्या कुटून देण्याआधी विचारावे, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात.

प्रश्न : आईला घरी आकडी आली तेव्हा शेजाऱ्यांनी तिचे हात-पाय दाबून धरले आणि दातांत चमचा घातला. हे बरोबर होते का?

उत्तर : दोन्ही चूक. दाबून धरल्याने आकडी थांबत नाही, इजा मात्र होते. चमच्याने दात तुटतात. जीभ गिळली जाते हा निव्वळ गैरसमज आहे. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, शक्य होताच कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, शुद्ध न येताच दुसरी आकडी आली, किंवा ही आयुष्यातली पहिलीच आकडी असेल, तर तातडीने रुग्णवाहिका बोलवावी. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काहीही, अगदी पाणीसुद्धा, घालू नये. सुरुवात कुठून झाली, मान व डोळे कुठल्या बाजूला वळले, नंतर एखादा हात काही काळ लुळा राहिला का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. त्यांनी आकडी पाहिलेली नसते; निदानाचा मोठा भाग तुमच्या या सांगण्यावरच उभा असतो.

प्रश्न : मी वॉर्डात परिचारिका आहे. डाव्या अंगावरून वारे गेलेला एक रुग्ण डावीकडून कुणी बोलले तर लक्ष देत नाही, ताटातले अर्धेच जेवतो आणि "माझा हात ठीक आहे" म्हणत उठायला जाऊन पडतो. त्याची मुलगी म्हणते, "बाबा हट्टीपणा करताहेत." तिला कसे समजावू?

उत्तर : तुम्ही लिहिलेली ही तीन निरीक्षणे पाहता, हा हट्टीपणा नसून डाव्या बाजूचे भानच नाहीसे झाल्याचे लक्षण दिसते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यावर ते पुष्कळदा आढळते. डोळे आणि कान शाबूत असतात, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. काहींना तर आपला हात लुळा आहे हेही पटत नाही. मुलीला शब्दांत समजावण्यापेक्षा तिच्यासमोर ताट फिरवा. डावीकडचे उरलेले अन्न उजवीकडे आले की ते "नव्याने वाढल्यासारखे" खाऊ लागतील, आणि वडील मुद्दाम करत नाहीत हे तिला दिसेल.

पाण्याचा पेला आणि बोलावण्याची घंटी उजवीकडेच ठेवा, कारण ती सुरक्षिततेची बाब आहे. पण गप्पा मारताना समोरून सुरुवात करून हळूहळू डावीकडे सरका, त्यांना मान वळवून तुम्हाला शोधू द्या. अंघोळीच्या वेळी त्यांच्याच उजव्या हाताने डावा हात पुसून घ्या. पडण्याचा धोका मोठा आहे हे प्रत्येक हँडओव्हरमध्ये सांगा. "सूचना दिल्या आहेत" अशी नोंद या रुग्णाच्या बाबतीत पुरेशी नाही, कारण उठताना त्यांना त्या सूचनेची गरजच वाटत नसते. आणि कुशीवर वळवताना किंवा बसवताना कुणीही, मुलीनेसुद्धा, डावा हात धरून ओढू नये. स्नायू सैल पडल्याने खांद्याचा सांधा नुसत्या ओढण्यानेही निसटतो. पाठीमागे खांद्याच्या पात्याखाली हात घालून उचलावे आणि बसल्यावर तो हात उशीवर, त्यांना मान वळवून दिसेल असा ठेवावा.