आधी भावाकडे जा

प्रिय,

उपास चालू आहेत, पहाटेची प्रार्थना चुकत नाही, तरी आत सगळं कोरडं आहे, असं लिहिलंस. आणि पत्राच्या अगदी तळाशी एक ओळ: भावाशी बोलणं बंद आहे. खरं दुखणं त्या ओळीत आहे. म्हणून आधी भावाकडे जा.

बायबलमधलं मत्तय ५:२३-२४ सावकाश वाच. वेदीपाशी आल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचं आणि जायचं. चूक कोणाची, हे तिथे विचारलेलंच नाही. येशूचं हे ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमातल्या मंदिरात. म्हणजे घरी परत जायचं तर कित्येक दिवसांची पायपीट. तुला एवढं चालायचं नाही.

पवित्रता एका कप्प्यात आणि प्रीती दुसऱ्या, ही वाटणी मला सहन होत नाही. लेवीय १९ची सुरुवातच ‘पवित्र व्हा’ अशी आहे. आणि पुढे काय येतं? आईबापांचा मान. गरिबांसाठी शेताच्या कडा न कापणं. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून न ठेवणं. बहिऱ्याला शिव्या न देणं. खरी वजनमापं. शेजाऱ्यावरची प्रीती याच अध्यायात, १८व्या वचनात आहे. पवित्र राहायचं ते माणसांमध्ये.

आता कसं जायचं ते. एकट्यानेच जा. मेसेजवर हे होत नाही. भाऊ दूर असेल तर निदान आवाज ऐकू जाऊ दे. काय केलंस ते एका वाक्यात, स्वतःच्या तोंडाने सांग. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ म्हणू नकोस, त्यात दोष ऐकणाऱ्यावर ढकलला जातो. ‘पण’ आला की माफी तिथेच संपते. पैशाचा व्यवहार अडला असेल तर लेवीय ६:५ बघ: फसवून घेतलेलं पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा, आणि तेही दोषार्पण आणायच्या दिवशीच. इथेही आधी माणूस. मग गप्प राहून ऐक. ‘माफ केलंस ना?’ असा तगादा लावू नकोस. त्याला लागेल तेवढा वेळ लागू दे.

तक्रार तुझी असेल, तर मत्तय १८:१५-१७: आधी दोघंच, मग एक-दोन साक्षीदार, शेवटी मंडळी, म्हणजे चर्च. आपण नेमकं उलटं करतो. प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सगळ्यांना सांगून होतं आणि भावाला सगळ्यात शेवटी कळतं. ही चहाडीच आहे, लेवीय १९:१६ने मना केलेली.

मी कठोर वाटत असेन. वाटू दे. एकाच बाकावर बसून वर्षानुवर्षं अबोला धरणारी माणसं पाहिली, की मऊ बोलण्याने काय साधलं, असं वाटतं. एकच अपवाद: जिथे मारहाण, छळ किंवा धाक आहे, तिथे एकट्याने जायचं नाही, आधी सुरक्षित व्हायचं आणि विश्वासू माणसाला सोबत घ्यायचं.

भाऊ दार लावेलही. रोम १२:१८ म्हणतं, तुमच्याकडून होईल तितकं सर्वांशी शांतीने राहा. तेवढं करून मग प्रार्थनेला बस. पण आधी जा. या रविवारच्या उपासनेच्या आत.

तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहे.