‘गो/नो-गो’ जवळ आलं आणि झोप उडाली

नेदरलँड्समध्ये पीएचडी करणाऱ्या मराठी मुलामुलींकडून हा प्रश्न हमखास येतो: “पहिल्या वर्षाच्या मूल्यमापनात ‘नो-गो’, म्हणजे ‘पुढं चालू नको’ असा निकाल दिला तर परत यावं लागेल का?” मानसीनं (नाव बदललं आहे) माझ्याबरोबरच्या समुपदेशनाच्या सत्रात आधी गाईडचा शेरा वाचून दाखवला: ‘यातला मुद्दा मला अजून सापडलेला नाही.’ तीन रात्री ती धड झोपली नव्हती.

तिथं पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. एकूण करार साधारण ४ वर्षांचा. पण आधी वर्ष-दीड वर्षाचा, ‘गो’ मिळाला की उरलेला. म्हणजे भीती अगदीच हवेतली नाही.

अडचण मात्र वेगळीच निघाली. सात आठवडे तिनं काही पाठवलंच नव्हतं. “अर्धवट कसं दाखवायचं सरांना?” आपल्याकडे गाईडपुढं पक्कं करूनच जायचं असतं, तिथं पानं दिसली नाहीत की काम अडलंय असंच धरतात. याच प्रोफेसरांनी आधी एकदा ‘निट स्लेख्त’, म्हणजे ‘वाईट नाही’, लिहिलं तेव्हा ती हिरमुसली होती. अहो, ती शाबासकी होती!

सुरुवातीलाच केलेला प्रशिक्षण आणि मार्गदर्शनाचा आराखडा तिला उघडायला लावला. मूल्यमापन कधी, कोण करणार, काय बघणार, यातलं निम्मं त्यातच सापडलं. उरलेलं मेलवर विचारायचं ठरलं. दर बुधवारी चार कच्ची पानं, वर एक ओळ: ‘फक्त युक्तिवाद बघा, भाषा नंतर.’ भेट झाली की त्याच संध्याकाळी पाच ओळींचा मेल: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. हा मेल सोडायचा नाही. नाहीतर मूल्यमापनाच्या दिवशी ‘आम्ही सांगितलं होतं’ आणि ‘मला कळलंच नाही’ सुरू होतं.

झोपेसाठी हाउसआर्ट्स, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर. विम्यात पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात, पण ही भेट त्यात धरत नाहीत. आजारपणाची रजा घेतली तरी आजार कोणता हे प्रोफेसरांना सांगायची सक्ती नाही. ते बोलणं विद्यापीठानं नेमलेल्या डॉक्टरशी. गाईडशीच बिनसलं, तर गोपनीय सल्ल्यासाठी वेगळी व्यक्ती नेमलेली असते. मानसीवर ती वेळ आली नाही.

पहिल्या बुधवारी तिनं चारऐवजी नऊ पानं पाठवली, शेवटची पाच रात्रभर जागून घोटलेली. आमचं पुढचं अख्खं समुपदेशनाचं सत्र त्या पाच पानांवरच गेलं.