सव्वीस म्हणजे सव्वीसच नसतं

प्रश्न : काका, मी सिडकोतून सातपूरला रोज सायकलनं कामाला जाते. लेडीज सायकल आहे, २६ इंची. दिवाळीनंतर मागचा टायर बदलून घेतला. दुकानदारानं दिलेला पहिला टायर रिमवर चढेचना. त्यानं स्क्रू ड्रायव्हर घालून बरीच झटापट केली, शेवटी दुसरा आणला तो बसला. पण तेव्हापासून महिन्यात तीनदा ट्यूब पंक्चर झाली. पंक्चरवाला म्हणतो, भोक दर वेळी आतल्या बाजूला असतं, ट्यूबच डुप्लिकेट आहे. टायर-ट्यूब दोन्ही परत बदलू का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : ताई, काही बदलू नका. ट्यूबची चूक दिसत नाही मला.

आधी तो पहिला टायर का चढला नाही ते सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. २६ इंच हे माप टायर चढवून हवा भरल्यावर चाकाच्या बाहेरच्या व्यासाचं, तेही अंदाजे. आत रिम कितीची हे त्यावरून कळत नाही. टायर बारीक असेल तर रिम मोठी, टायर जाड असेल तर रिम लहान, बाहेरून दोन्ही २६च. म्हणून टायरच्या कडेला बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, तो वाचायचा. २६ × १ ३/८ वर ३७-५९० असं असतं. ३७ ही टायरची रुंदी, ५९० हा टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. रेंजरसारख्या सायकलीच्या जाड टायरवर २६ × १.७५ आणि ४७-५५९ असतं. तुम्हाला बहुधा हाच दिला होता. ५५९चा टायर ५९०च्या रिमवर चढवायचा म्हणजे धाकट्याची चड्डी थोरल्याला. एकतीस मिलिमीटरचा फरक आहे, आणि टायरच्या काठात पोलादी तार असते, ती ताणत नाही.

आता पंक्चर. भोक बाहेरच्या बाजूला असेल तर काटा किंवा काच. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे असेल, तर आऱ्याचं टोक. रिमच्या आत आऱ्यांच्या निपलांवर, म्हणजे आऱ्याचं टोक आवळणाऱ्या बारीक नटांवर, एक रबरी पट्टी असते. त्या स्क्रू ड्रायव्हरच्या झटापटीत ती सरकली किंवा फाटली असणार. टायर काढा, पट्टी बघा. एखादा आरा निपलच्या वर आला असेल तर कानशीनं घासून घ्या. पट्टी गेली असेल तर जुन्या ट्यूबची कापून घाला, व्हॉल्व्हसाठी भोक पाडून. माझ्या काळ्या अठ्ठावीस इंचीत अशीच पट्टी आहे, कित्येक वर्षं टिकली. नवी ट्यूब घालताना थोडी संगजिऱ्याची पूड चोळा, म्हणजे टायरला चिकटत नाही. आणि शेवटची कड हातानंच चढवा. अगदीच अडलं तर चमच्याचा दांडा, पण स्क्रू ड्रायव्हर नाही.

एक सवय मात्र लावून घ्या. टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असा टायर बसवायचा. ट्यूबला भोक सापडलं की टायरवर त्याची जागा लगेच कळते. मागच्या हिवाळ्यात त्र्यंबक रोडला एका आठवड्यात माझे तीन पंक्चर झाले, तिन्ही एकाच जागी. टायर आतून बोटानं चाचपला, काही लागेना. मग कापसाचा बोळा फिरवला, तो अडकला. सराट्याचं तुटलेलं टोक रबरात रुतून बसलं होतं. पाऊस संपून सराटे वाळले की आपल्याकडे रस्त्याच्या कडेनं सायकल चालवणं म्हणजे पैसे देऊन काटे वेचणं.

प्रश्न : जुलैत गोदेला पूर येऊन काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं, त्या दिवशी पंचवटीत चाक अर्धं बुडेल एवढ्या पाण्यातून सायकल काढली. पुढं मागचं चाक करकरायला लागलं. मेकॅनिकनं छर्रे बदलले, ग्रीस भरलं. महिन्यात पुन्हा तीच करकर. छर्रे हलके निघाले का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : छर्रे क्वचितच हलके निघतात. कोन, म्हणजे आसावरची ती निमुळती नट जिच्यावर छर्रे फिरतात, ती बघितली का कुणी? पाण्याबरोबर गोदेची रेती हबमध्ये, म्हणजे चाकाच्या तुंब्यात, गेली, ती आठवडाभर दळली गेली आणि कोनावर बारीक खड्डे पडले. त्यावर नवे छर्रे घातले तर तेही खडबडणारच. कोन रॉकेलनं धुऊन उन्हात धरा आणि बॉलपेनचं टोक त्यावरून फिरवा. टोक अडखळलं की कोन गेला. हबमधल्या वाटीलाही हीच परीक्षा. कोन थोडक्यात मिळतो, पण वाटी खाल्ली असेल तर खर्च मोठा.

छर्रे बदलायचे तर सगळे बदलायचे. चार जुने पाच नवे असं केलं तर झिजलेले जुने नुसते फिरतात, भार नव्यांवर येतो. साध्या सायकलीच्या मागच्या हबला एका बाजूला पाव इंची नऊ, पुढच्याला बहुतेक ३/१६ इंची दहा. तरी आपल्या हबमधून निघाले ते मोजूनच घ्या. मी अंबडच्या कारखान्यात फिटर होतो, बेअरिंग हाताखालून गेलेली, त्या तोऱ्यात मागं एक छर्रा जास्त कोंबला. चाक द्वारका सर्कलच्या ऐन मध्यावर जाम. तिथून नाशिकरोडपर्यंत मागचं चाक उचलून चालत गेलो.

कोन आवळताना चाक हातानं फिरवून बघा. हलतही नको आणि घट्टही नको. बाहेरची नट आवळली की कोन आणखी थोडा दाबला जातो, म्हणून आधी किंचित ढिला ठेवायचा. आणि वॉशिंग सेंटरच्या जोराच्या पाण्याखाली सायकल धरू नका, ते पाणी थेट हबमध्ये शिरतं. फडकं आणि बादली पुरते.

प्रश्न : माझ्या सायकलीवर ७०० सी लिहिलंय, मित्राच्या २९. त्याचा टायर मला चालेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : २०१५ साली आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी ओलांडायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून बारीक टायरवाल्यांची पत्रं मला वाढली आहेत. दोन्ही रिमा ६२२ मिलिमीटरच्या, म्हणजे टायर चढेल. पण २९चा टायर जाड असतो. तुमच्या फोर्कमध्ये आणि ब्रेकमध्ये तेवढी जागा आहे का, ते मित्राचं चाक शेजारी धरून बघा, दुकानात जायच्या आधी.