डार्क: फॅमिली ट्री आत्ताच उघडू नका

नेटफ्लिक्सवरच्या 'डार्क' या जर्मन मालिकेबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि हसू आलं, राग मानू नका. "तिसरा भाग संपला, कोण कुणाचा कोण कळेना. नेटवरचा फॅमिली ट्री उघडून बघू की सरळ नाद सोडू?" अगदी इथेच मीही अडकलो होतो. नाद सोडू नका. आणि फॅमिली ट्री तर मुळीच उघडू नका. वर काही जणांनी लिंका दिल्यात. त्यांचा हेतू चांगलाच असेल, पण एकीवरही बोट लावू नका.

का, ते सांगतो. माझा पहिला सीझन अर्ध्यात होता आणि एका बऱ्यापैकी मोठ्या चॅनेलचा व्हिडिओ समोर आला. चॅनेलचं नाव घेत नाही. शीर्षकात ठसठशीत लिहिलेलं, 'नो स्पॉयलर, फक्त सीझन १'. आत चार घराण्यांचा तक्ता. पुढचे दोन सीझन ज्या नात्यांवर उभे आहेत, त्या नात्यांच्या रेषा फिकट राखाडी रंगात काढून वर प्रश्नचिन्हं टाकलेली. म्हणे हिंट! अहो, रेष काढल्यावर उरलं काय? एक रेष तर अशा दोन नावांमध्ये होती की ती दिसल्यावर विसरणं शक्यच नाही. कोणती दोन नावं ते अर्थात सांगत नाही, तेवढं पाप माझ्या हातून नको.

खाली जाऊन सभ्य भाषेत तक्रार लिहिली, निदान शीर्षक तरी बदला म्हणून. चॅनेलवाल्यांचं उत्तर आलं की सीरिज येऊन इतके दिवस झाले, आता स्पॉयलर कसला? नंतर माझी कमेंट गायब, आणि त्यांच्या टी-शर्टची जाहिरात सगळ्यात वर पिन केलेली. दुसऱ्या सीझनमध्ये तो प्रसंग आला तेव्हा मी शांतपणे वरण-भात कालवत होतो. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या हातातला घास तसाच राहिला होता. त्याचा चेहरा बघून मला त्या चॅनेलचा जो काय संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

फॅमिली ट्री हवाच असेल तर स्वतःचा करा. साधी वही पुरे. पण घराण्यानुसार पानं करू नका, सालानुसार करा, कारण गोष्ट वेगवेगळ्या सालांत फिरते. एक पान २०१९ चं, एक १९८६ चं, आणि पुढे थोडी पानं कोरी ठेवा, लागतील. नावापुढे नातं नको, चेहऱ्याची खूण लिहा: पिवळा रेनकोट, ऐकू न येणारी मुलगी, टोपीवाला पोलीस. हेल्गे नावाचा माणूस कुठल्याही वयात दिसला की आधी त्याचा कान बघा. पहिल्या सीझनमध्ये पडदा दुभागून एकाच माणसाची दोन वयं शेजारी-शेजारी दाखवणारे तुकडे येतात. तिथे पॉज दाबून वही भरायची. दिग्दर्शक स्वतः तक्ता देतोय, मग बाहेरचा कशाला?

आणि आडनावांवर जाऊ नका. कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर, टीडेमान ही चार घराणी तोंडपाठ केली की सुटलो, असं वाटतं. पण २०१९ मधली हाना कानवाल्ड १९८६ मध्ये हाना क्र्यूगर असते, काथारिना नील्सनचं माहेरचं आडनावही वेगळंच. आपल्या लग्नपत्रिका वाचणाऱ्याला हे अवघड जाऊ नये, पण सबटायटल्सच्या घाईत निसटतं. त्यात टीडेमानांच्या घरी तर जावयानेच बायकोचं आडनाव लावलंय, त्यामुळे तिथे आपला अंदाज हमखास चुकतो.

भाषेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. इंग्रजी डबिंग बंद करा. आपल्याकडे बऱ्याचदा तेच आपोआप सुरू होतं. जर्मन ऑडिओ ठेवा आणि इंग्रजी सबटायटल्स घ्या, पण शेजारी 'सीसी' लिहिलेली नकोत. ती डबिंगच्या संवादांवरून केलेली असतात, निदान माझ्या टीव्हीवर तरी, त्यामुळे ऐकू एक येतं आणि वाचतो दुसरंच. भावाने हट्टाने डबिंग लावलं होतं, तेव्हा लुई हॉफमानने केलेला नायक योनास एखाद्या कॉल सेंटरमधून बोलतोय असं वाटत होतं. हे माझं मत, डबिंगवाल्यांनी अंगावर येऊ नये.

काही गोष्टी आपल्याला कळत नाहीत त्यात आपला दोष नाही, त्या तिकडच्या लोकांसाठीच पेरल्यात. पहिल्या सीझनमध्ये 'रायडर' चॉकलेटचं वेष्टन दिसतं. आपण बघून सोडून देतो. जर्मन माणूस मात्र तिथेच ताठ बसतो, कारण तिकडे रायडरचं नाव १९९१ मध्ये बदलून ट्विक्स झालं. म्हणजे २०१९ मध्ये ते वेष्टन असायला नको. मालिकेतल्या अणुऊर्जा केंद्राचंही तसंच. १९८६ चा नोव्हेंबर म्हणजे चेर्नोबिलच्या अणुअपघाताला जेमतेम सहा-सात महिने झालेले. त्या एप्रिल-मेमधल्या पावसाने दक्षिण जर्मनीच्या जंगलांत जे किरणोत्सारी सीझियम उतरलं, ते बव्हेरियाच्या रानडुकरांमध्ये अजूनही सापडतं. मेलेली मेंढरं आणि आभाळातून पडणारे पक्षी बघून तिथल्या प्रेक्षकाला आधी काय आठवणार, हे त्यावरून समजा. मालिकेतलं विंडेन हे गाव काल्पनिक असलं तरी त्या केंद्राला टाळं लागायची चर्चा काल्पनिक नाही. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर २०११ मध्ये जर्मनीने अणुवीज बंद करायचं पक्कं केलं, आणि शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या.

मालिकेतली सालं ३३-३३ वर्षांच्या अंतराने येतात, त्याचं काय गौडबंगाल, हेही तुम्ही विचारलंय. फिजिक्स माझा विषय नाही, पण पंचांग घरात असतं. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. हा फरक साठत साठत ३३ वर्षांच्या आसपास पूर्ण एका वर्षाचा होतो, आणि चंद्र-सूर्याचा हिशोब पुन्हा जुळतो. मालिकेने एवढाच धागा घेतलाय. रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण तेवढ्याच काळात मूळ जागी येतो तो याचमुळे. आपण मात्र सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून फरक तिथल्या तिथे मिटवतो, नाहीतर दिवाळी उन्हाळ्यात आली असती. असो, विषय भरकटला. तुमच्या वहीसाठी कामाचं एवढंच की कुठलंही साल आलं की त्यातून ३३ वजा करून बघायची सवय लावा.

मोबाइलवर, जेवताना, एका हाताने व्हॉट्सॲप चाळत बघत असाल तर मात्र वहीचाही उपयोग नाही. एका रात्री एक भाग, फार तर दोन. तिन्ही सीझन मिळून २६ भाग आहेत, पळून जात नाहीत. ऑफिसमधल्या कुणी वीकेंडला संपवली असं सांगितलं तर त्याला तिसऱ्या सीझनचा शेवट काय कळला ते विचारा.

कुणाला खरंच दम निघत नसेल तर एक पर्याय आहे. नेटफ्लिक्सनेच या मालिकेसाठी एक साइट काढली होती. तिथे आपण कुठल्या भागापर्यंत आलोय ते सांगायचं, आणि पुढचं झाकलेलं राहतं. ती आज चालू असेल तर ठीक, नसेल तर वही आहेच. चॅनेलवाल्यांचे तक्ते, 'एंडिंग एक्स्प्लेन्ड' आणि थंबनेलवर दोन चेहरे चिकटवून मध्ये बरोबरचं चिन्ह टाकणारे मात्र सगळे ब्लॉक. यूट्यूबवर मालिकेचं नाव एकदा जरी शोधलंत तरी ते असलेच व्हिडिओ सुचवत राहतं, म्हणून शीर्षकगीत ऐकायचं असेल तर संगीतकार अपाराटचं नाव टाकून शोधा.

ही बघून झाल्यावर 'डार्क' बनवणाऱ्या बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीज़े या जोडीचीच '१८९९' ही मालिका लगेच लावायचा मोह होईल. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आली, पहिल्या सीझनच्या शेवटी भलामोठा प्रश्न टाकून थांबली, आणि दोन महिन्यांत नेटफ्लिक्सने गुंडाळली. उत्तर मिळणार नाही हे धरूनच बघायची असेल तर बघा.