पैठणीची नक्षी, पण पाण्यात हात लावू नका

मुलाने अंदमानहून सोनेरी-तपकिरी शंख आणलाय, त्यावर पांढरे त्रिकोण आहेत. तो विषारी असतो म्हणे. घरात ठेवू का? (विणकर ताई, येवला)

खुशाल ठेवा. वर्णनावरून हा टेक्स्टाइल कोन दिसतो, म्हणजे ‘कोन’ या विषारी समुद्री गोगलगायींपैकी एकीचे कवच. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५८ मध्ये त्याला हे नाव दिले ते या कापडासारख्या नक्षीमुळेच. भिंग धरून बघा, प्रत्येक त्रिकोणाला बारीक तपकिरी रेघेची किनार दिसेल. पैठणीच्या घरात तो आला याचा मला फार आनंद झाला. विष आतल्या जिवंत प्राण्यात असते, साफ केलेल्या कवचात नसते. मात्र दुसरा विकत घेऊ नका. लाटांनी घासलेल्या शंखावर अशी चकाकी टिकत नाही; दुकानातले चकचकीत शंख बहुधा जिवंत प्राणी मारूनच आलेले असतात.

ही कोन गोगलगाय इतकी संथ, मग ती शिकार कशी करते? (विद्यार्थी, सिडको)

पळायची तिला गरजच नाही. ती पाण्यातला वास घेत सावजाजवळ सरकते आणि लवचीक सोंड पुढे काढते. सोंडेच्या टोकाशी एकच दात तयार असतो: पोकळ, काटेरी, भाल्यासारखा. तो क्षणात रुततो आणि त्यातून विष आत जाते. दात एकदाच वापरायचा, पण मागच्या पिशवीत दुसरे तयार असतात. टेक्स्टाइल कोन दुसऱ्या गोगलगायी खातो, तर जिऑग्राफी कोन मासे. हा दुसरा तर पाण्यात इन्सुलिन सोडतो. माशांची साखर उतरते आणि ते सुस्त पडतात. मला अजूनही हे वाचताना थक्क व्हायला होते.

लक्षद्वीपला निघालोय. जिवंत कोन शंख रुंद टोकाला धरून उचलला तर चालेल ना? (गंगापूर रोड)

नाही. सोंड मागेही वळते आणि कापडी पिशवीतूनही दात लागू शकतो. जिऑग्राफी कोनच्या दंशाने माणसे दगावली आहेत. उतारा देणारी लस नाही. दंश झालाच तर जखम कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय रुंद पट्टीने घट्ट बांधा, पण रक्तप्रवाह थांबवू नका. तो अवयव हलू देऊ नका आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्या. धोका श्वासाचे स्नायू लुळे पडण्याचा असतो. श्वास टिकवला तर विषाचा असर ओसरेपर्यंत माणूस वाचू शकतो.

रामकुंडाजवळ घेतलेला देवघरातला शंखही असाच का? (पंचवटी)

नाही. पूजेचा शंख ही वेगळी जात. तीही शिकारी, पण वाळूतले किडे खाणारी. तिच्यापासून माणसाला भीती नाही.

वडिलांना कॅन्सरच्या असह्य वेदना आहेत. या विषापासून औषध बनते हे खरे का? (नाशिक रोड)

खरे आहे. मॅगस कोन या आणखी एका कोन गोगलगायीच्या विषातल्या एका घटकावरून झिकोनोटाइड तयार झाले आणि २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते मॉर्फीनच्या जातीचे नाही, त्यामुळे त्याची सवय लागत नाही. पण ते पंपाने थेट मणक्यातल्या द्रवात सोडावे लागते आणि गोंधळ, भास असे त्रासही होतात. वेदनाशमन तज्ज्ञांना आधी भेटा. साध्या औषधांनीही पुष्कळ आराम पडतो. वडिलांना माझा नमस्कार सांगा.